आधी तिथी, मग गाडी : मालवण ते देवबाग एक दिवसाची सहल



सुगी आटोपली की गटाच्या बैठकीत हप्ते आणि वसुली झाल्यावर एक विषय हमखास निघतो, यंदा कुठं जायचं? देवदर्शन बहुतेकींचं झालेलं असतं. समुद्र मात्र आपल्या घाटावरच्या कितीतरी जणींनी अजून डोळ्यांनी पाहिलेला नसतो. म्हणून आज मालवणपासून तारकर्ली आणि पुढं देवबागच्या टोकापर्यंतची एक दिवसाची सहल कशी आखायची, ते सांगणार आहे. आपण सहल म्हटलं की पहिला फोन गाडीवाल्याला लावतो. या सहलीला तसं करू नका. आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघा आणि तिथी ठरवा. का, ते सांगते.

हा मुलूख कसा आहे ते आधी डोळ्यांपुढं आणा. कर्ली नदी सह्याद्रीकडून येते. समुद्राजवळ आल्यावर ती सरळ त्याला मिळत नाही. ती दक्षिणेकडं वळते आणि काही अंतर समुद्राच्या शेजारून, त्याला समांतर वाहते. नदी आणि समुद्र यांच्यामध्ये जी वाळूची लांबट पट्टी उरते, तिच्यावर देवबाग गाव वसलंय. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला नदी आणि दक्षिणेच्या टोकाला दोघांचा संगम. जमिनीनं जायला एकच वाट, तारकर्लीकडून. मधून एक अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना माडाची झाडं आणि घरं. काही ठिकाणी तर एका बाजूला लाटांचा आवाज येतो आणि दुसऱ्या बाजूला नदीचं संथ पाणी दिसतं. मालवण शहरापासून या टोकापर्यंत साधारण बारा किलोमीटर, म्हणजे अंतर फार नाही. मालवणहून एसटी जाते, रिक्षाही मिळते. एसटीत १७ मार्च २०२३ पासून आपल्याला अर्धं तिकीट आहे, तेव्हा लहान गट असेल तर खासगी गाडी करण्याआधी हा हिशेब करून बघा. घाट उतरून त्याच दिवशी सगळं बघायचं म्हटलं तर माणसं नुसती गाडीत बसून दमतात. आदल्या रात्री मालवणात मुक्काम करावा, हे माझं मत.

आता तिथीचं. समुद्राला दिवसातून दोनदा भरती येते आणि दोनदा ओहोटी. भरतीपासून ओहोटीपर्यंत साधारण सहा तास लागतात. ही वेळ रोज तीच राहत नाही, कारण भरती चंद्राच्या ओढीनं येते आणि चंद्र रोज पाऊण तासाहून थोडा जास्त उशिरा उगवतो. तेवढीच भरतीही रोज पुढं सरकते. यावरून कोकणातल्या लोकांनी एक सोपा हिशेब बसवलाय. त्या दिवसाची तिथी घ्या आणि पाऊणपट करा. जे उत्तर येईल, त्या सुमाराला पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीन वाजता भरती. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा आणि अमावास्या, दोन्ही पंधरा धरायच्या, म्हणजे सव्वाअकराच्या सुमाराला. पौर्णिमेनंतर वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं होतं, पण सहल आखायला एवढं पुरतं. पाऊणकीचा पाढा आपल्या आज्यांना तोंडपाठ होता. आपल्याला मोबाईल काढावा लागतो.

अजून एक गोष्ट. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास भरती फार चढते आणि ओहोटी फार उतरते. त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास चढउतार कमी असतो, त्याला मच्छीमार भांग म्हणतात. उधाणाच्या दिवसांत पाणी जोरात येतं आणि जोरात जातं. सगळ्या जणी पहिल्यांदाच पाण्याजवळ जाणार असतील, तर ते दिवस टाळलेलेच बरे. पौर्णिमेचा समुद्र सुंदर दिसतो हे खरं, पण तो किनाऱ्यावर बसून बघायचा.

मग कोणती तिथी घ्यावी? नवमी, दशमी, एकादशी या मला सोयीच्या वाटतात. त्यातही एकादशीला निम्म्या जणींचा उपास, मग सुरमईच्या ताटाचं काय? म्हणून दशमी धरू, फक्त वार कोणता येतो तेवढं बघा. सोमवार, गुरुवार पाळणाऱ्या जणी प्रत्येक गटात असतातच. दशमीला दहा पाऊणे साडेसात, म्हणजे सकाळी साडेसातला भरती आणि दुपारी दीड-दोनला ओहोटी. या दोन वेळांमध्ये आपला दिवस बसवायचा.

सकाळी भरती असते तेव्हा सिंधुदुर्ग किल्ला करून घ्या. मालवणच्या धक्क्यावरून होडी जाते, दहा-पंधरा मिनिटांत पोचते. पावसाळ्यात ही होडी बंद असते, त्यामुळं ही सहल दिवाळीनंतर ते उन्हाळ्याच्या आधीचीच. कुरटे बेटावरच्या या किल्ल्याचं काम शिवाजी महाराजांनी नोव्हेंबर १६६४ मध्ये सुरू केलं, तीन वर्षांत तो उभा राहिला. तटाची लांबी तीन किलोमीटरच्या आसपास आहे. आत शिवराजेश्वराचं मंदिर आहे, ते राजाराम महाराजांनी बांधलं. तट आणि बुरूज सगळेच बघतात. तुम्ही विहिरी बघा. दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशी त्यांची नावं. चहूबाजूंनी खारं पाणी आणि बेटाच्या पोटात गोडं. पाण्यासाठी हंडे घेऊन फिरलेल्या बाईला या तीन विहिरींचं मोल समजावून सांगावं लागत नाही. होडीवाला साधारण तासाभरानं परत बोलावतो, म्हणून सुरुवातीचा अर्धा तास फोटोत घालवू नका. परत आल्यावर किनाऱ्यावर मोरयाचा धोंडा आहे, तो बघा. किल्ल्याच्या पायाभरणीची पूजा तिथं झाली. तिथून होडीनं आलो तो किल्ला समोरच दिसतो.

साडेअकरापर्यंत देवबागला निघा. जेवण तिथल्या एखाद्या घरी आधीच सांगून ठेवायचं. या गावात घरोघरी पाहुण्यांना खोल्या आणि जेवण देण्याचा व्यवसाय आहे, चुलीपुढं बहुतेक ठिकाणी बायकाच असतात. जेवण ठरवताना दराच्या आधी एक प्रश्न विचारा, आमच्या वीस जणींना संडास-बाथरूम वापरायला आणि कपडे बदलायला जागा मिळेल का? लघवीला जावं लागेल म्हणून दिवसभर पाणीच न पिणं ही आपली जुनी खोड आहे. उन्हात आणि खाऱ्या वाऱ्यात तिच्यापायी डोकं दुखतं, चक्कर येते आणि सहल कुणाला तरी धरून आणण्यात जाते. पाळी असलेल्या बाईलाही सहलीत यायचं असतं, तिची सोय याच प्रश्नात होते.

बाराच्या पुढं नदीतून होडी घ्या. कर्लीचं पाणी संथ असतं, पलीकडं वेंगुर्ला तालुक्यातलं भोगवे दिसतं. ओहोटी उतरत जाते तसा संगमाजवळ वाळूचा दांडा पाण्याबाहेर येतो, त्याला तिथं त्सुनामी आयलंड म्हणतात. बेट म्हणा, पण ते भरती-ओहोटीच्या मर्जीवरचं बेट. भरतीला गेलात तर गुडघाभर पाण्यात उभं राहायचं आणि परत यायचं. म्हणून तर तिथीचा एवढा खटाटोप.

आता मन लावून ऐका. संगमावर पाण्यात उतरायचं नाही. ओहोटी चालू असताना समुद्राचं पाणी बाहेर जात असतं आणि नदीचं पाणीही तिकडंच. दोघांची ओढ एकाच दिशेला, समुद्राकडं. वरून पाणी शांत दिसतं, पाय मात्र टिकत नाहीत. आणि ओहोटी संपून भरती लागली की पाणी वाळूवर गाजावाजा न करता चढतं. होडीवाला "चला" म्हणाला की अजून एक फोटो म्हणून थांबायचं नाही.

समुद्राच्या बाजूलाही तेच. सगळीकडं लाटा फुटतायत आणि मध्येच एका पट्ट्यात पाणी गडद, शांत दिसतंय, तर ती जागा चांगली समजू नका. किनाऱ्यावर आलेलं पाणी तिथूनच परत आत ओढलं जात असतं. एप्रिल २०१७ मध्ये वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावहून सहलीला आलेले आठ जण बुडाले. वायरी म्हणजे मालवणहून तारकर्लीला जाताना लागणारं गाव. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणारी होडी उलटून दोन पर्यटक गेले. घाबरवायला सांगत नाही. पोहता न येणाऱ्या बाईनं लाटांत घोट्यापर्यंतच जावं, आणि पाठ समुद्राकडं करून उभं राहू नये. एवढं पाळलं तरी आनंद काही कमी होत नाही.

होडीत बसताना प्रत्येकीला लाइफ जॅकेट मिळालंय का आणि पट्टे आवळलेत का, हे गटाच्या अध्यक्षांनी स्वतः बघावं. जॅकेट मांडीवर धरून बसलेल्या बायका हमखास दिसतात. होडीत किती माणसांना परवानगी आहे ते विचारा. वीस जणींना एकाच होडीत बसवतो म्हणाला तर दोन होड्या करा, चार पैसे जास्त जाऊ द्या. पाचवारी साडी भिजली की पायात गुंडाळते, म्हणून शक्य तिनं पंजाबी ड्रेस घालावा. सासूबाईंना साडीच हवी असेल तर पदर खोचून, कासोटा मारून बसवा. जोड्या लावा, प्रत्येकीनं आपल्या जोडीदारणीवर लक्ष ठेवायचं. चढताना मोजा, उतरताना मोजा. तारकर्लीला स्कूबाही करतात. दमा, रक्तदाब, हृदय किंवा कानाचा त्रास असेल किंवा दिवस गेलेले असतील तर त्या वाटेला जाऊ नका.

अडीचला जेवायला या. बांगडा किंवा सुरमई, भात आणि सोलकढी. न खाणाऱ्यांसाठी काळ्या वाटाण्याची उसळ आणि आंबोळ्या आधी सांगून ठेवा. जेवल्यावर लगेच उठू नका. त्या घरच्या बाईशी बोला. हंगाम किती महिन्यांचा, माणशी ताट कसं परवडतं, पावसाळ्यात काय करता? पावसाळ्याचं विचारलंत की ती समुद्राबद्दल बोलू लागेल. या पट्टीची समुद्राच्या बाजूनं धूप होते. किनाऱ्यावर दगडांचे बंधारे घातलेले तुम्हाला दिसतील, ते त्यासाठीच. आपण चार तास वाळूत खेळून येतो, त्यांना जूनमध्ये रात्री लाट अंगणापर्यंत येईल का याचा घोर असतो. म्हणून वेफर्सची एकही पिशवी तिथं टाकून येऊ नका.

चारनंतर तारकर्लीच्या किनाऱ्यावर जा. नशीब असेल तर रापण ओढताना दिसेल. अर्धगोल टाकलेलं लांबलचक जाळं दोन्ही टोकांनी माणसं रांगेत उभी राहून किनाऱ्यावर ओढतात. एकट्यादुकट्याचं हे काम नाही. मिळालेल्या मासळीत ओढणाऱ्यांचा आणि जाळ्याचा वाटा ठरलेला असतो. बचतगटाचं गणित या लोकांना आपल्या कितीतरी आधीपासून येतं! मासळी विकायला मात्र बायकाच पुढं, त्यांची घासाघीस ऐकण्यासारखी असते. सूर्य सव्वासहाच्या आसपास बुडतो. अंधार पडायच्या आत गाडीत बसा, आणि घाट रात्री उशिरा चढू नका.

पैशाचं थोडक्यात. गटाच्या बचतीला सहलीसाठी हात लावू नये, आणि सहलीसाठी अंतर्गत कर्जही देऊ नये. कुणाचा हप्ता थकला तर सहलीचं नाव निघतं आणि पुढच्या वर्षी घरचे पाठवत नाहीत. दर महिन्याला पन्नास रुपये वेगळी वर्गणी काढा. वीस जणींचे महिन्याला हजार, दहा महिन्यांत दहा हजार. बाकीची भर जाताना घालायची. वहीत वेगळं पान ठेवा आणि परत आल्यावरच्या पहिल्या बैठकीत हिशेब वाचून दाखवा. होडीचे, खोल्यांचे दर हंगामात बदलतात, सुट्टीत वाढतात, तेव्हा फोनवर दर पक्का करून तो लिहून घ्या.

दोन दिवस हाताशी असतील तर दुसरा दिवस वेंगुर्ल्याला द्या. तिथं मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गटाच्या बायका कांदळवनाची सफर घडवतात. होडी त्याच वल्हवतात आणि माहितीही त्याच सांगतात. देवबागहून वेंगुर्ल्याचा किनारा समोर दिसतो, पण मध्ये कर्ली आहे, गाडीला वळसा घालूनच जावं लागतं. म्हणून एकाच दिवसात दोन्ही कोंबू नका. आणि त्यांना फोन करून खाडीत पाणी किती वाजता असेल ते आधी विचारा, त्यांचीही होडी भरतीवरच चालते.