दंडावरची चकती : मधुमेहींसाठी नवे साधन



साखर कारखान्याच्या पत्रिकेत साखरेच्या आजारावर लेख पाहून काहींना नवल वाटेल. परंतु हा विषय आता टाळण्यासारखा राहिलेला नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. त्याशिवाय १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत.

"आपण कष्टाची माणसं, आपल्याला कुठली आलीय शुगर?" असे अजूनही ऐकू येते. हा समज सोडून द्यावा. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली स्वतःची आणि एका इंग्रज सहकाऱ्याची तुलना प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच होते, पण याज्ञिकांच्या शरीरातील चरबी सहकाऱ्याच्या दुपटीहून अधिक भरली. सांगायचे इतकेच की, दिसायला सडपातळ असलेल्या आपल्या माणसालाही हा आजार गाठतो.

अलीकडे नांदेड-लातूरच्या डॉक्टरांकडे जाऊन आलेल्या काही रुग्णांच्या दंडावर नाण्यासारखी पांढरी चकती दिसते. ती काय आहे, तिने काय कळते आणि कोणाला तिचा उपयोग आहे, याची माहिती सभासदांना असावी म्हणून हा लेख देत आहोत.

एका तपासणीत काय कळत नाही

हंगामाच्या आधी शेतकी विभागाचे कर्मचारी फडात येऊन उसाचा ब्रिक्स पाहतात, हे आपणास ठाऊक आहे. बुडख्याचा ब्रिक्स वेगळा येतो, शेंड्याचा वेगळा येतो. एकाच उसाचा एकच थेंब पाहून साऱ्या फडाचा उतारा कोणी सांगत नाही.

रक्तातील साखरेचेही तसेच आहे. महिन्यातून एकदा उपाशीपोटी रक्त दिले आणि आकडा १२० आला, म्हणून सगळे ठीक आहे असे होत नाही. जेवणानंतर ती २८० वर गेली असेल किंवा पहाटे ६० वर उतरली असेल, तर त्या आकड्यात ते दिसणार नाही.

दुसरी तपासणी एचबीए१सी नावाची आहे. ती मागल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. ही तपासणी फार उपयोगाची आहे, पण सरासरी ती सरासरीच. एचबीए१सी ७ म्हणजे साखरेची सरासरी सुमारे १५४. एकाची साखर दिवसभर दीडशेच्या आसपास राहते, दुसऱ्याची कधी ६० तर कधी ३००. दोघांच्या कागदावर ७ हाच आकडा येईल, पण दुसऱ्याचा जीव धोक्यात आहे. ही मधली चढउतार दाखवणे हे चकतीचे काम.

चकती काम कशी करते

चकतीखाली सुमारे पाच मिलिमीटर लांबीची, केसासारखी बारीक तार असते. लावताना ती कातडीखाली जाते, फारसे दुखत नाही. तारेवर ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचे विकर असते. साखरेशी त्याची क्रिया झाली की अगदी सूक्ष्म वीजप्रवाह तयार होतो. साखर जास्त तर प्रवाह जास्त. या पद्धतीचा पाया अमेरिकेतील लेलँड क्लार्क यांनी १९६२ साली घातला. आज दंडावर लावण्याच्या चकत्या साधारण १० ते १५ दिवस चालतात आणि रात्रंदिवस नोंद ठेवतात. आकडा मोबाइलवर किंवा त्यासाठीच्या छोट्या यंत्रावर दिसतो. काही प्रकारांत साखर फार उतरली की भोंगाही वाजतो.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्यावी. ही तार रक्तात नसते, ती पेशींभोवतीच्या पाण्यात असते. सरीत पाणी आले तरी वरंबा भिजायला थोडा वेळ लागतोच. तसाच चकतीचा आकडा रक्ताच्या पाच-दहा मिनिटे मागे असतो. साखर भराभर चढत किंवा उतरत असताना हा फरक जास्त जाणवतो. म्हणून आकड्याबरोबर बाणही पाहावा. आकडा ९० आणि बाण खाली, म्हणजे सावध व्हायचे.

आकडे कसे वाचावेत

२०१९ साली जगातील तज्ज्ञांनी एकत्र येऊन याची मापे ठरवली. बहुतेक मधुमेहींची साखर दिवसाच्या ७० टक्क्यांहून अधिक वेळ ७० ते १८० च्या दरम्यान असावी. ७० च्या खाली ४ टक्क्यांपेक्षा कमी वेळ असावी, म्हणजे दिवसात एक तासापेक्षा कमी. वयोवृद्धांना व इतर आजार असणाऱ्यांना यात सवलत आहे. त्यांची साखर निम्म्याहून अधिक वेळ या मर्यादेत राहिली तरी चालते, पण खाली मात्र जवळजवळ जाऊच नये. गरोदर स्त्रियांची मापे वेगळी व अधिक कडक असतात.

त्या दिवसांत काय पाहावे

चकती लावून नुसते आकडे पाहत बसलात तर पैसे वाया गेले. घरात एक वही करावी. काय खाल्ले, किती वाजता, काय काम केले, गोळी किंवा इन्शुलिन केव्हा घेतले, हे लिहावे. मग एकेक गोष्ट पारखून घ्यावी.

पहिली गोष्ट चहाची. एका कपात दोन चमचे साखर धरली आणि दिवसात सहा कप झाले, तर बारा चमचे, म्हणजे साठ ग्रॅम साखर झाली. "साखर बंद केली, आता गुळाचा चहा घेतो," असे सांगणारे पुष्कळ भेटतात. साखरही आपल्या उसाची आणि गूळही आपल्याच उसाचा. मधुमेहीच्या रक्तात दोघांचा हिशेब जवळपास एकच. गुळाचा चहा पिऊन तासाभराने आकडा पाहावा, खात्री पटेल.

दुसरी गोष्ट ताटाची. एक दिवस भात, दुसऱ्या दिवशी तेवढ्याच भुकेची ज्वारीची भाकरी, सोबत वरण व पालेभाजी. कशाने किती चढते ते ज्याचे त्याला दिसेल. भाकरीनेही साखर वाढते, म्हणून "भाकरी कितीही चालते" हे खरे नाही. जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटे चालून पाहावे. चढ किती कमी होतो, हे डोळ्यांनी दिसले की पाय आपोआप चालायला लागतात.

तिसरी गोष्ट उपवासाची. एकादशीला साबुदाणा, बटाटा, रताळे आणि वर दोन केळी. याला पोट उपाशी असले तरी रक्त उपाशी नसते. उलट काहीच न खाता रोजची गोळी घेतली तर साखर धोकादायक उतरू शकते. एकादशी असो वा रोजा, आधी डॉक्टरांना विचारावे.

खरा धोका रात्रीचा

लाईट रात्रीची असली की उसाला पाणी द्यायला रात्रीच जावे लागते. इन्शुलिन घेणारा, किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लॅमाइड यांसारख्या गोळ्या घेणारा शेतकरी घाईत चार घास खाऊन दारे धरायला जातो. चिखलात तीन-चार तास राबतो. अशा वेळी साखर ५० वर आली तर जवळ कोणी नसते. ऊसतोड करणाऱ्या मधुमेही कामगारालाही हाच धोका आहे. घाम, थरथर, छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी ही लक्षणे कामाच्या थकव्यासारखीच असल्याने माणूस ती अंगावर काढतो. पुढे बोलणे असंबद्ध होते. लोकांना वाटते, गडी पिऊन आलाय.

साखर ७० च्या खाली गेली किंवा वरील लक्षणे दिसली, की तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यावी. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. अजून कमी असेल तर पुन्हा तेवढीच द्यावी. नंतर भाकरी, पोळी असे काही खावे. या गोळ्यांनी उतरलेली साखर काही तासांनी पुन्हा उतरू शकते, म्हणून रुग्णाला एकटे सोडू नये. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही ओतू नये, कुशीवर वळवावे आणि १०८ ला फोन करावा. इन्शुलिन घेणाऱ्या प्रत्येकाने शेतात जाताना खिशात साखरेची पुडी ठेवलीच पाहिजे, मग दंडावर चकती असो वा नसो.

चुका व फसवणूक

चकतीवर कूस करून झोपल्यास आकडा खोटाच खाली दिसतो. पहिल्या दिवशी आकडे थोडे मागेपुढे होतात. काही चकत्यांत क जीवनसत्त्वाच्या मोठ्या गोळ्यांनी आकडा वाढलेला दिसतो. अंगाला वाटते एक आणि चकती सांगते दुसरे, असे झाले तर बोटाचे रक्त तपासून तोच आकडा खरा मानावा. आंघोळ चालते, पण विहिरीत सूर मारू नये. उन्हाळ्यात नवी चकती गाडीच्या डिकीत ठेवू नये. एमआरआय करण्यापूर्वी डॉक्टरांना सांगावे. आकडा पाहून स्वतःच्या मनाने गोळी सोडणे किंवा इन्शुलिन वाढवणे सर्वथा टाळावे.

बाजारात "सुई नाही, टोचणे नाही, मनगटावर शुगर" अशी घड्याळे व अंगठ्या विकल्या जातात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पष्ट सांगितले की, स्वतःच साखर मोजणाऱ्या अशा एकाही घड्याळाला किंवा अंगठीला त्यांनी मान्यता दिलेली नाही. अशा आकड्यावर इन्शुलिन घेणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. ती विकत घेऊ नयेत.

कोणी लावावी

एक चकती काही हजार रुपयांना पडते आणि मुदत संपली की टाकून द्यावी लागते. प्रत्येक मधुमेहीने ती बारमाही लावण्याची गरज नाही. ज्यांना दिवसातून अनेकदा इन्शुलिन लागते, ज्यांची साखर वारंवार खाली येते, ज्यांना उतरल्याचे कळतच नाही, आणि ज्या लहान मुलांना पहिल्या प्रकारचा मधुमेह आहे, त्यांना तिचा सर्वांत जास्त फायदा. अशा मुलांसाठी आपल्या मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगर येथे डॉ. अर्चना सारडा यांची 'उडान' ही संस्था काम करते. इतरांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने वर्षातून एखाददुसरी चकती लावून आपले ताट आणि दिनक्रम पारखून घेतला तरी पुष्कळ झाले.

ज्यांना हा खर्च झेपत नाही त्यांनी निराश होऊ नये. तीस वर्षांवरील सर्वांची मधुमेहाची तपासणी उपकेंद्रात व प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत होते. बोटाच्या तपासणीचे साधे यंत्र घेऊन आठवड्यातून दोन दिवस, जेवणाआधी व जेवणानंतर दोन तासांनी आकडा वहीत लिहिला, तरी बरेच काही हाती लागते. चकती आजार बरा करत नाही, ती फक्त दाखवते. पुढचे काम आपले आहे.

सभासदांनी हा लेख घरातल्या मंडळींना वाचून दाखवावा. विशेषतः रात्री पाण्यावर जाणाऱ्या गड्याला आणि त्याला डबा बांधून देणाऱ्या माउलीला.