ओटचे पोहे, बेदाणे व तीळ यांची चोथायुक्त बिस्किटे

सकाळच्या चहाबरोबर बिस्किटाचा पुडा उघडणे ही आता खेड्यापाड्यांतील घरोघरची रीत झाली आहे. शेतावर जाणारा मजूर, शाळेत जाणारे मूल व घरी बसून असलेली वृद्ध माणसे या सर्वांच्या हाती तोच पुडा दिसतो. हे बिस्कीट बहुधा मैदा, साखर व तेल यांचे असते. ज्या घरात ज्वारी, नाचणी, तीळ व जवस पिकतात, त्या घराने गाठीचा पैसा खर्चून मैदा विकत आणावा व पुढे मलावरोधाची तक्रार करीत राहावे, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. बिस्कीट खाण्याची सवय एकाएकी सुटणारी नाही. मात्र ते बिस्कीट अधिक पौष्टिक करता येते. त्याची रीत या लेखात दिली आहे.

चोथा म्हणजे काय?

धान्य, डाळी, फळे व भाज्या यांचा जो भाग आपल्या लहान आतड्यात पचत नाही, त्यास चोथा किंवा तंतुमय पदार्थ म्हणतात. चोथा दोन प्रकारचा असतो. एक पाण्यात न विरघळणारा. गव्हाच्या कोंड्यात तो विपुल असतो. तो मळाचे आकारमान वाढवितो व शौचास साफ होण्यास मदत करतो. दुसरा पाण्यात विरघळून बुळबुळीत होणारा. ओटमध्ये बीटा-ग्लुकान नावाचा असा चोथा असतो. त्याच्या नियमित सेवनाने रक्तातील कोलेस्टेरॉल काही प्रमाणात उतरते व जेवणानंतर रक्तातील साखर चढण्याचा वेगही मंदावतो.

दहा वर्षांवरील व्यक्तीच्या आहारात दररोज किमान २५ ग्रॅम चोथा असावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. १०० ग्रॅम मैद्यात चोथा जेमतेम ३ ग्रॅम असतो. तितक्याच कणकेत, नाचणीत, ज्वारीत किंवा ओटमध्ये तो सुमारे १० ते ११ ग्रॅम भरतो. दळताना कोंडा काढून टाकला की चोथाही त्याबरोबर जातो, हे यावरून ध्यानात येईल.

ओटविषयी एक सूचना

महाराष्ट्रात ओट हे रब्बी हंगामात हिरव्या वैरणीचे पीक म्हणून घेतले जाते. त्या ओटचे दाणे कुटून बिस्किटात घालू नयेत. दाण्यावरील टरफल चिवट असून ते घरगुती साधनांनी नीट निघत नाही. शिवाय पेरणीसाठी आणलेल्या बियाण्यास औषध चोळलेले असण्याचा संभव असतो. असे बियाणे कोणत्याही कारणास्तव खाण्यात येऊ देऊ नये. टरफल काढून, वाफवून व दाबून तयार केलेले ओटचे पोहे बाजारात मिळतात, तेच घ्यावेत. ते महाग वाटल्यास निम्म्या ओटऐवजी ज्वारीचे पोहे किंवा ज्वारीचा भाजलेला जाड रवा घालावा. चोथ्याच्या दृष्टीने त्यात फारसे नुकसान नाही.

साहित्य (सुमारे ३० बिस्किटांसाठी)

ओटचे पोहे १५० ग्रॅम
कणीक (न चाळलेली) १०० ग्रॅम
नाचणीचे पीठ ५० ग्रॅम
गूळ (किसून चाळलेला) १२० ग्रॅम
थिजलेले तूप १०० ग्रॅम
बेदाणे ६० ग्रॅम
खारीक (बी काढून) ४० ग्रॅम
तीळ ३० ग्रॅम
जवस २० ग्रॅम
तांबड्या भोपळ्याचे सोललेले बी २० ग्रॅम
दूध सुमारे ७० मिलिलिटर
बेकिंग पावडर १ चहाचा चमचा
मीठ चिमूटभर व वेलदोड्याची पूड चवीपुरती

कृती

प्रथम खारकेचे तुकडे कोमट दुधात अर्धा तास भिजत घालावेत व नंतर बारीक चिरावेत. उरलेले दूध टाकून देऊ नये. बेदाणे धुऊन कोरडे करावेत. ओटचे पोहे मंद आचेवर पाच मिनिटे परतावेत. तीळ, जवस व भोपळ्याचे बी वेगवेगळे भाजावे, कारण प्रत्येकास लागणारा वेळ निराळा असतो. जवस तडतडू लागताच उतरवून, निवल्यावर भरड कुटावे. अख्खे जवस बहुधा न पचताच शरीराबाहेर पडते व त्यातील सत्त्वाचा लाभ मिळत नाही.

तूप व गूळ परातीत घेऊन हाताने फेसावे. मिश्रण फिकट व हलके झाले पाहिजे. तूप वितळवून घेऊ नये. वितळलेल्या तुपाने बिस्किटे भट्टीत पसरतात. कणीक, नाचणीचे पीठ, बेकिंग पावडर व मीठ एकत्र चाळून, चाळणीत राहिलेला कोंडा पुन्हा पिठातच मिसळावा. हे पीठ, ओट, बिया, बेदाणे, खारीक व वेलदोडा तुपाच्या मिश्रणात घालावे आणि लागेल तसे दूध शिंपडून गोळा करावा. गोळा फार मळू नये. तो झाकून अर्धा तास ठेवावा, म्हणजे ओट दूध शोषून घेतात व बिस्कीट फुटत नाही. ओट व नाचणी यांत गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून कणकेचे प्रमाण याहून कमी करू नये.

त्यानंतर २५ ग्रॅम वजनाचे, म्हणजे लहान लिंबाएवढे गोळे करून एक सेंटिमीटर जाडीचे चपटे करावेत.

भाजणी

विजेची भट्टी असल्यास ती अगोदर तापवून १७० अंश सेल्सिअस उष्णतेवर १८ ते २० मिनिटे भाजावे. कडा तांबूस झाल्या की बाहेर काढावे. त्या वेळी बिस्कीट मऊ लागते; निवल्यावर ते आपोआप घट्ट होते. कडक होण्याची वाट पाहत भट्टीत ठेवल्यास ते दगडासारखे होते.

भट्टी नसल्यास जाड बुडाच्या कढईत मिठाचा किंवा स्वच्छ वाळूचा दोन बोटे थर द्यावा, त्यावर तिवई ठेवावी व झाकण घालून मंद आचेवर १५ मिनिटे कढई तापवावी. मग ताटलीत बिस्किटे मांडून २५ मिनिटे भाजावीत. तिसरा मार्ग आपल्या परिचयाचा आहे. दिवाळीत अनेक गावांतील स्त्रिया नानकटाईचे साहित्य बेकरीत नेऊन पत्र्यांवर भाजून आणतात. त्याच रीतीने चार घरांनी मिळून ही बिस्किटे भाजून घेतल्यास जळण व वेळ दोन्ही वाचतात.

दोष व उपाय

बिस्कीट हातात घेताच फुटत असेल तर दूध कमी पडले किंवा गोळा मुरला नाही, असे समजावे. तळ काळा व वरचा भाग कच्चा राहिल्यास आच मोठी होती. कडू चव लागल्यास तीळ करपले किंवा जवस खवट होते. जवस कुटल्यावर लवकर खवट होते, म्हणून लागेल तेवढेच त्या त्या वेळी कुटावे. बिस्किटे पूर्ण निवल्यावरच घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात भरावीत व दहा-बारा दिवसांत संपवावीत. पावसाळ्यात एका वेळी थोडीच करावीत.

एका बिस्किटाचा हिशेब

वरील प्रमाणाने सर्व घाण्यात सुमारे ४७ ग्रॅम चोथा येतो, म्हणजे एका बिस्किटात दीड ग्रॅम. त्याबरोबर सुमारे १०० किलोकॅलरी ऊर्जा व चार ग्रॅम गूळही येतो. दोन बिस्किटांतून तीन ग्रॅम चोथा मिळाला, तर साठ ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या एका भाकरीतून सहा ग्रॅम मिळतो. तेव्हा हे बिस्कीट भाकरीच्या जागी नव्हे, तर मैद्याच्या बिस्किटाच्या जागी खावयाचे आहे. भाकरी, उसळ व पालेभाजी सोडून बिस्किटांवर भर देणे हिताचे होणार नाही.

घ्यावयाची काळजी

आहारातील चोथा हळूहळू वाढवावा व पाणी भरपूर प्यावे. एकदम वाढविल्यास पोट फुगते. मधुमेही व्यक्तींनी गूळ म्हणजे साखर नव्हे असे समजू नये. पाच वर्षांखालील बालकांसाठी बिया व बेदाणे बारीक वाटून घालावेत, म्हणजे घशात अडकण्याचे भय राहत नाही. ज्यांना गहू वर्ज्य आहे त्यांना हे बिस्कीट देऊ नये.

महिला बचत गटांनी विक्री करावयाची झाल्यास अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ अन्वये नोंदणी करून घ्यावी आणि पुड्यावर घटक पदार्थ, निव्वळ वजन व तयार केल्याची तारीख छापावी. ‘भरपूर चोथायुक्त’ असे छापण्यासाठी १०० ग्रॅम बिस्किटात किमान ६ ग्रॅम चोथा असावा लागतो. या कृतीत तो अंदाजे सात ग्रॅम येत असला तरी प्रयोगशाळेत तपासणी केल्यावाचून तसे छापू नये. नाचणीचे नाव पुड्यावर व मैदा पुड्यात, असा प्रकार कटाक्षाने टाळावा. ग्राहकाचा विश्वास एकदा गेला की परत मिळविणे कठीण असते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी व अंगणवाडी सेविकांनी गावातील एखाद्या बैठकीत एक घाणा सर्वांसमक्ष करून दाखवावा. मैद्याचे एक व हे एक अशी दोन्ही बिस्किटे मुलांच्या हाती द्यावीत आणि त्यांना चवीची निवड करू द्यावी. मुलांना रुचले तर घराघरांत ते करण्याची इच्छा आपोआप होईल.