डॉक्टरांचे तारे
गुडघेदुखीसाठी डॉक्टर शोधताना हल्ली शेजाऱ्यांच्या आधी गूगल मॅप्सला विचारलं जातं. तिथे कुणीतरी एक तारा देऊन लिहिलेलं असतं, 'दोन तास बसवून ठेवलं.' उपचारांबद्दल अवाक्षर नाही! तरी सरासरी खाली येतेच.

हॉटेलवाला अशा तक्रारीला सविस्तर उत्तर देऊ शकतो; डॉक्टरचे हात बांधलेले. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार रुग्णाची माहिती गुप्त ठेवावी लागते. 'तुमची शुगर वाढली होती, म्हणून ऑपरेशन पुढे ढकललं' हे खरं असलं तरी चारचौघांत लिहिता येत नाही. 'कृपया दवाखान्यात फोन करा, बोलू,' एवढ्यावर थांबणं शहाणपणाचं. निव्वळ मत वाईट म्हणून गूगल ते काढत नाही. खोटा अभिप्राय किंवा शिवीगाळ असेल तर तक्रार करता येते.

पाच तारे विकत मिळवून देणारेही आहेत. ती मला सरळ फसवणूक वाटते. शिवाय रुग्ण ओढण्यासाठी जाहिरात करायला त्याच आचारसंहितेत मनाई आहे. नवा दवाखाना, बदललेला पत्ता, काही दिवसांची गैरहजेरी हे वर्तमानपत्रात जाहीर करायला मात्र मुभा आहे. नकाशावरची वेळ आणि फोन नंबर बरोबर ठेवायला तर कुणाचीच हरकत नाही, पण नेमकं तेच बरेचदा राहून जातं.