साठ भोकं, एक गोळी

लाकडी पेटी, तिच्या दोन बाजूंना दोन मुठी आणि एक पोलादी गोळी. पाटावर काळ्या रेघेनं आखलेली वळणावळणाची वाट, अधूनमधून आडव्या येणाऱ्या बुटक्या भिंती आणि ६० भोकं. ब्रिओचा लॅबिरिंथ हा खेळ एवढाच. गोळी न पाडता शेवटच्या टोकाला न्यायची.

ब्रिओ ही स्वीडनमधल्या ओस्बी गावात वाढलेली कंपनी. टोपल्या विणणाऱ्या इवार बेंग्टसन यांनी १८८४ साली धंदा मांडला, पुढे तो मुलांनी चालवला. ‘इवारसन बंधू, ओस्बी’ या स्वीडिश शब्दांच्या आद्याक्षरांतून नाव झालं. स्वेन बेर्ग्लिंग यांनी रचलेला हा खेळ ब्रिओनं १९४६ साली बाजारात आणला.

खरी कारागिरी पाटाखाली दडलेली. चौकटीत चौकट: बाहेरची एका दिशेला कलते, तिच्यात बसवलेला पाट दुसऱ्या दिशेला. मुठीच्या दांड्याला दोरीचा वेढा असतो आणि दोरी सैल पडू नये म्हणून तिला स्प्रिंग. मूठ पिळली की दोरी चौकटीला ओढते. पडलेली गोळी तळाच्या उतारावरून घरंगळत पेटीच्या कडेशी येते, पुन्हा हातात घ्यायला.

गोळी पळवायला काहीच लागत नाही. तिला थांबवण्यात सगळा कस आहे. वेग आल्यावर पाट सपाट केला तरी ती जातच राहते. क्षणभर उलटा उतार द्यावा लागतो आणि गोळी मागं फिरायच्या आत तो काढूनही घ्यावा लागतो. नवखा हात उशिरा जागा होतो, मग घाबरून जास्तच पिळतो. मुरलेला खेळाडू गोळी भिंतीच्या कोपऱ्यात टेकवतो, तिला तिथं विसावू देतो आणि मगच पुढच्या भोकाला भिडतो. मला या खेळातला सर्वांत सुंदर क्षण तोच वाटतो.

२०२३ साली झुरिचच्या ईटीएच विद्यापीठातल्या थॉमस बी आणि राफाएल्लो दान्द्रेआ यांनी याच पेटीच्या मुठींना दोन मोटारी जोडल्या, वर कॅमेरा लावला. सुमारे सहा तासांच्या सरावानंतर त्या यंत्रानं, सायबररनरनं, १४.४८ सेकंदांत वाट पार केली; तोवरची माणसाची नोंदलेली सर्वोत्तम वेळ त्याहून जेमतेम सेकंदभर जास्त होती. पण शिकता शिकता यंत्रानं आडवाटाही हेरल्या होत्या. मधली वळणं गाळून ते गोळी थेट पुढं नेऊ लागलं. शेवटी त्याला बजावावं लागलं, रेघ सोडायची नाही.