वृद्धकल्याण आणि विधिमंडळ : क्लॉड पेपर यांच्या कार्याचा एक अभ्यास

प्रस्तावना

वृद्धांच्या कल्याणाचा प्रश्न बहुधा कुटुंबाच्या कर्तव्याचा किंवा शासनाच्या दयाबुद्धीचा प्रश्न म्हणून मांडला जातो. अमेरिकेच्या काँग्रेसमधील फ्लोरिडा राज्याचे प्रतिनिधी क्लॉड पेपर (१९००-१९८९) यांनी तो हक्काचा आणि कायद्याचा प्रश्न म्हणून मांडला. प्रस्तुत लेखात त्यांच्या १९७७ ते १९८९ या कालखंडातील कार्याचा, आणि विशेषतः त्यात वरकरणी दिसणाऱ्या एका विसंगतीचा विचार केला आहे. पासष्टीनंतरही नोकरी करण्याचा हक्क ज्यांनी मिळवून दिला, त्याच पेपर यांनी निवृत्तिवेतनाचे वय ६५ वरून ६७ करण्यास कडाडून विरोध केला. या दोन भूमिकांची संगती लागल्याशिवाय त्यांच्या कार्याचे मर्म ध्यानात येत नाही.

पार्श्वभूमी

पेपर यांचा जन्म अलाबामा राज्यातील एका शेतकरी कुटुंबात झाला. हार्वर्ड विद्यापीठातून कायद्याची पदवी घेऊन ते फ्लोरिडात स्थायिक झाले व तेथील राज्य विधिमंडळाचे सदस्य झाले. १९२९ साली त्यांनी मांडलेले एक विधेयक अगदी लहान होते : ६५ वर्षांवरील रहिवाशांना मासेमारीच्या परवान्यातून सूट द्यावी. वृद्धांचा विषय त्यांनी मतांसाठी उतारवयात हाती घेतला, असे म्हणणाऱ्यांनी हे वर्ष लक्षात घ्यावयास हवे. तेव्हा ते अवघे २८ वर्षांचे होते.

१९३६ मध्ये ते सिनेटवर निवडून गेले. रूझवेल्ट यांच्या ‘न्यू डील’ धोरणाचे ते निष्ठावंत समर्थक होते. १९५० च्या पक्षांतर्गत निवडणुकीत साम्यवादाकडे झुकल्याच्या आरोपांच्या गदारोळात त्यांचा पराभव झाला. त्यानंतर १९६३ मध्ये मायामी परिसराचे प्रतिनिधी म्हणून ते कनिष्ठ सभागृहात परतले. निवृत्तांची मोठी वस्ती असलेला हा मतदारसंघ होता, हे खरेच.

अधिकार नसलेली समिती

१९७७ मध्ये पेपर सभागृहाच्या वृद्धत्वविषयक विशेष समितीचे अध्यक्ष झाले. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या या समितीस विधेयक संमत करून सभागृहापुढे पाठविण्याचा अधिकार नव्हता. आपल्याकडील विधिमंडळांच्या कल्याण समित्यांप्रमाणेच तिला चौकशी करता येई, साक्षी नोंदविता येत आणि अहवाल देता येई. पेपर यांनी या मर्यादेचेच आयुध केले. समितीच्या सुनावण्या त्यांनी अशा रीतीने घडवून आणल्या की त्यांची दखल वृत्तपत्रांना व दूरचित्रवाणीला घ्यावीच लागली.

१९७८ मध्ये समितीने पूरक आरोग्यविम्याच्या विक्रीतील फसवणूक उजेडात आणली. मेडिकेअर ही ६५ वर्षांवरील नागरिकांसाठीची शासकीय आरोग्यविमा योजना सर्व खर्च भागवीत नाही. उरलेल्या खर्चाच्या धास्तीने वृद्ध माणसे एकाच प्रकारच्या अनेक पॉलिसी विकत घेत, आणि विमा प्रतिनिधी त्यांना हे लाभ एकमेकांवर पडतात हे सांगत नसत. या चौकशीनंतर १९८० मध्ये अशा पॉलिसींसाठी किमान निकष ठरविणारी कायदेशीर तरतूद झाली. १९८१ च्या अहवालात समितीने वृद्धांच्या घरगुती छळाचा विषय मांडला व देशातील सुमारे ४ टक्के, म्हणजे दरवर्षी जवळपास १० लाख वृद्ध त्याला बळी पडत असावेत, असा अंदाज दिला. त्यासंबंधीचे विधेयक मात्र त्या वेळी मार्गी लागले नाही. घरातला छळ करणारा बहुधा पोटचाच असतो, आणि वृद्ध त्याविरुद्ध तोंड उघडत नाहीत. ही अडचण कोणत्याही एका देशापुरती नाही.

निवृत्तीचे वय : मुभा आणि सक्ती

आपल्याकडे ज्यास ‘नियत वयोमानानुसार सेवानिवृत्ती’ म्हणतात, ती अमेरिकेतील खासगी उद्योगांत सर्रास ६५ व्या वर्षी होत असे. १९६७ मध्ये वयावरून नोकरीत भेदभाव करण्यास मनाई करणारा कायदा झाला. परंतु त्याचे संरक्षण ४० ते ६५ या वयोगटापुरतेच होते. म्हणजे भेदभाव सर्वांत उघडपणे जेथे होत होता, नेमका तेथेच हा कायदा संपत होता. पेपर यांनी या विषयावरील सुनावण्यांत नामवंत वृद्धांच्या साक्षी घेतल्या. केंटकी फ्राइड चिकनचे जनक, ऐंशी ओलांडलेले कर्नल सँडर्स हे त्यांपैकी एक होत. स्वतः अध्यक्ष पंचाहत्तरी उलटलेले, कानांस श्रवणयंत्र लावून काम पाहणारे. तेव्हा युक्तिवादाचा निम्मा भाग आसनावरच बसलेला असे!

१९७८ च्या दुरुस्तीने खासगी क्षेत्रासाठी ही वयोमर्यादा ७० झाली, तर बहुतांश केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या बाबतीत ती रद्दच झाली. १९८६ च्या दुरुस्तीने ७० ची मर्यादाही गेली. पोलीस व अग्निशमन दलास काही काळ सूट मिळाली. कायम सेवेतील विद्यापीठीय प्राध्यापकांनाही १९९३ अखेरपर्यंत या कायद्याबाहेर ठेवण्यात आले, ही बाब शिक्षणक्षेत्राने आवर्जून लक्षात घ्यावी अशी आहे.

मधल्या काळात, १९८३ मध्ये, सोशल सिक्युरिटी या निवृत्तिवेतन योजनेचे आर्थिक संकट काँग्रेसपुढे आले. पूर्ण वेतनाचे वय टप्प्याटप्प्याने ६७ करावे अशी दुरुस्ती सभागृहाने २२८ विरुद्ध २०२ मतांनी स्वीकारली. पेपर यांचा पर्याय पगारावरील कर भविष्यात किंचित वाढविण्याचा होता. तो १३२ विरुद्ध २९६ मतांनी फेटाळला गेला. टीकाकारांना यात विसंगती दिसली. माणूस सत्तरीतही काम करू शकतो असे जो म्हणतो, त्याने ६७ ला हरकत का घ्यावी?

वस्तुतः दोन्ही भूमिकांमागील तत्त्व एकच आहे. ज्याला काम करावयाचे आहे, त्याला केवळ जन्मतारीख पाहून घरी बसवू नये; आणि खाणीत, शेतात वा बांधकामावर ज्याचे शरीर झिजले आहे, त्याला केवळ आयुर्मान वाढले म्हणून आणखी दोन वर्षे राबवू नये. पहिली मुभा आहे, दुसरी सक्ती. वाढते आयुर्मान सर्व वर्गांच्या वाट्याला सारखे येत नाही, हा मुद्दा त्या वेळच्या हिशेबात मागे पडला. तथापि कर वाढविला असता तर त्याचा भार तरुण कामगारांवर पडला असता, या आक्षेपाला पेपर यांच्या बाजूने पुरेसे उत्तर दिले गेले नाही, हेही नमूद केले पाहिजे.

घरगुती शुश्रूषेचे विधेयक

त्यांच्या अखेरच्या मोठ्या लढ्यात वयाची अट जवळजवळ गळून पडली. दीर्घ आजारात आंघोळ, कपडे घालणे, जेवण यांसाठी लागणारी मदत मेडिकेअरच्या कक्षेत येत नव्हती. गरिबांसाठीच्या मेडिकेडमधून शुश्रूषागृहाचा खर्च मिळे; पण त्यासाठी आधी साठविलेली पुंजी संपवावी लागे. पेपर यांच्या विधेयकात घरीच दीर्घकालीन शुश्रूषा देण्याची तरतूद होती, आणि लाभार्थींमध्ये वृद्धांबरोबर अपंग व दीर्घ आजारी बालकेही होती. निधीसाठी मेडिकेअर कराला असलेली वार्षिक ४५,००० डॉलर वेतनाची कमाल मर्यादा काढावी, असे सुचविले होते. म्हणजे भार अधिक पगारदारांवर पडणार होता.

जून १९८८ मध्ये सभागृहाने हे विधेयक चर्चेला घेण्याचाच ठराव २४३ विरुद्ध १६९ मतांनी नाकारला. संबंधित समित्यांच्या अध्यक्षांचा त्याला विरोध होता. कारण १९८३ पासून नियम समितीचे अध्यक्ष असलेल्या पेपर यांनी त्यांच्या समित्यांना वगळून ते थेट सभागृहात आणले होते. अधिकार नसलेल्या समितीतून ज्यांनी लोकमताच्या बळावर कायदे घडविले, त्यांना अधिकाराचे पद असताना सहकाऱ्यांचा मान दुखावल्याची किंमत मोजावी लागली. त्याच वर्षी संमत झालेला मेडिकेअरचा आपत्कालीन संरक्षण कायदाही, त्यातील अधिभारावर खुद्द वृद्धांनीच रोष व्यक्त केल्याने, १९८९ मध्ये बव्हंशी मागे घेण्यात आला. जोडीदारांपैकी एक शुश्रूषागृहात गेल्यास दुसऱ्यास कंगाल होण्यापासून वाचविणारी तरतूद मात्र टिकली.

३० मे १९८९ रोजी पेपर यांचे निधन झाले. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आयोगाने १९९० मध्ये दीर्घकालीन शुश्रूषेची शिफारस ११ विरुद्ध ४ मतांनी केली; तिचा कायदा झाला नाही. वृद्धत्वविषयक विशेष समिती १९९३ मध्ये बंद करण्यात आली. २०१० च्या आरोग्य कायद्यात ऐच्छिक स्वरूपाचा शुश्रूषा विमा समाविष्ट झाला होता, पण तो अमलात येण्यापूर्वीच जानेवारी २०१३ मध्ये रद्द झाला.