युरोबोल : क्लबांनी रुजवलेला खेळ

अमेरिकन फुटबॉल युरोपात एनएफएलने, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगने, रुजवला, हा समज तारखांपुढे टिकत नाही. एनएफएलच्या पाठबळावरची लीग युरोपात आली १९९१ मध्ये. युरोपीय क्लबांच्या अजिंक्यपदाचा पहिला अंतिम सामना, म्हणजे ‘युरोबोल’, त्याआधीच, १९८६ मध्ये, अ‍ॅमस्टरडॅमला झाला होता आणि फिनलंडच्या संघाने बोलोन्याच्या डव्हजना २०-१६ असं हरवलं होतं. पहिला विजेता फिनलंडसारख्या छोट्या देशातला असावा, ही मला या इतिहासातली सर्वांत बोलकी गोष्ट वाटते. पुढे इटलीच्या बर्गामो लायन्सनी सलग तीनदा, तर व्हिएन्ना व्हायकिंग्जनी २००४ ते २००७ अशी सलग चारदा बाजी मारली. त्याच २००७ मध्ये एनएफएलने आपली युरोपीय लीग गुंडाळली. क्लब मात्र खेळत राहिले.

यावर आक्षेप येतो, की या क्लबांचे क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चढाई चालवणारे खेळाडू, तरी बहुधा अमेरिकनच. ते खरं आहे आणि चेंडू कुणाच्या हाती असतो याला या खेळात फार महत्त्व आहे. पण अमेरिकन खेळाडूंच्या संख्येवर स्पर्धांमध्ये मर्यादा असते, आणि एकट्या क्वार्टरबॅकच्या जोरावर जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या लायन्सना २०१५ ते २०१८ अशी ओळीने चार युरोबोल विजेतेपदं मिळाली नसती. चेंडू फेकायला उसंत मिळवून देणारी बचावाची भिंत उभी राहते ती मुख्यतः स्थानिक खेळाडूंची.