अंगठा, जीभ आणि घड्याळ

अंगठा चोखणाऱ्या मुलावरचे आपले घरगुती उपाय ठरलेले आहेत: कडुनिंबाचा रस, कोरफडीचा गर, फारच झालं तर तिखट. वटपत्रावर पहुडून पायाचा अंगठा चोखणारा बाळमुकुंद मात्र आपण कौतुकाने भिंतीवर लावतो!

सवय जन्माआधीचीच. बेलफास्टचे संशोधक पीटर हेपर यांनी पोटातच अंगठा चोखताना सोनोग्राफीत दिसलेली ७५ मुलं दहा-बारा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली. उजवा अंगठा चोखणारी साठच्या साठ उजखोरी निघाली. डावा चोखणाऱ्या १५ पैकी १० डावखुरी. हे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले.

या सवयीची धास्ती असते ती दातांपायी. मग दात बिघडतात कशाने? अमेरिकेतले दंततज्ज्ञ विल्यम प्रॉफिट यांचं उत्तर साधं आहे: जोराने नव्हे, वेळेने. घास चावताना दाढेवर क्षणभर कित्येक किलोंचा भार येतो, तरी ती हलत नाही. उलट हलकासा दाब रोज तासन्तास राहिला, तर दाताच्या एका बाजूचं हाड झिजतं, दुसऱ्या बाजूला नवं भरतं आणि दात सरकतो. दातांना लावलेल्या तारा याच न्यायाने काम करतात. प्रॉफिट ही मर्यादा दिवसाला साधारण सहा तास धरतात. दिवसा अधूनमधून चोखणारं मूल बहुधा सुटतं. रात्रभर अंगठा तोंडात ठेवून झोपणारं सापडतं.

जबड्याची गोष्ट याहून गुंतागुंतीची. अंगठ्याने जीभ खाली दबते, वरच्या दाढांना आतून मिळणारा आधार जातो, बाहेरून गाल आवळत राहतात. वरच्या दातांची कमान अरुंद होते. मागचे दात एकमेकांना टेकत नाहीत म्हणून थोडे जास्त वाढतात. मग तोंड मिटलं तरी पुढच्या वरच्या-खालच्या दातांत फट उरते.

त्या फटीचा दोष पुष्कळदा जिभेवर येतो: गिळताना ती दातांना ढकलते म्हणून. हिशेब मात्र जुळत नाही. माणूस दिवसात फार तर हजारेक वेळा गिळतो, दर वेळी सेकंदभर. म्हणजे जेमतेम सतरा मिनिटं. फट आधी पडते, जीभ ती बुजवायला पुढे येते, असं मानणं मला जास्त पटतं. विश्रांतीत जीभ कुठे टेकलेली असते, हे त्याहून महत्त्वाचं.

तोंडाने श्वास घेतानाही जीभ खालीच राहते. या सवयीवर चित्रकार जॉर्ज कॅटलिन यांनी १८६० च्या दशकात अख्खं पुस्तक लिहिलं. झोपलेल्या बाळाचे ओठ मिटवणाऱ्या अमेरिकेतल्या मूलनिवासी आया त्यांनी पाहिल्या होत्या. पुढे संशोधक एगिल हार्वोल्ड यांनी माकडांची नाकं बंद करून पाहिली. दात बिघडले खरे, पण प्रत्येकाचे निराळ्या तऱ्हेने. शिवाय मुलाचं नाक इतकं पूर्ण क्वचितच बंद असतं. तरीही मूल रात्री तोंड उघडं टाकून घोरत असेल, तर आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्यावं, तारा नंतर.

समोरचे पक्के दात सहा-सात वर्षांच्या सुमारास येतात. त्याआधी सवय सुटली तर पुढची फट बहुधा आपोआप भरते. अरुंद झालेली कमान तितकी सहज रुंदावत नाही. स्वतःला सवय सोडायची आहे पण झोपेत हात तोंडाकडे जातो, अशा मुलासाठी प्रॉफिट यांच्या पाठ्यपुस्तकात तिखटाहून सभ्य उपाय आहे: रात्री कोपराभोवती सैलसर इलॅस्टिकची पट्टी. डोळा लागला की हात हळूहळू सरळ होतो, अंगठा बाहेर येतो. सहा ते आठ आठवडे पुरतात. मात्र ही शिक्षा नाही, हे मुलाला आधी सांगायचं.